हवाई युद्धाचा पटखेळ
हवाई युद्धाचा पटखेळ : पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) विमानांची झुंज टेबलावर किंवा सतरंजीवर खेळण्याचा खेळ. आंद्रेआ आंजोलीनो व पिएर जोर्जो पाल्या या इटालियन रचनाकारांचा ‘विंग्ज ऑफ वॉर’ (२००४) हा त्याचा परिचित नमुना. पुढे तो ‘विंग्ज ऑफ ग्लोरी’ या नावाने निघाला.

प्रत्येक विमानाला पत्त्यांचा स्वतःचा कॅट असतो. खेळाडू त्यातली तीन पाने निवडून पालथी ठेवतो. मग सगळे एकदम पहिले पान उघडतात, ते विमानाच्या नाकाशी लावतात आणि पानावरच्या बाणाप्रमाणे विमान पुढे सरकवतात. शत्रू समोर आला तर खेळातल्या पट्टीने अंतर मोजायचे : अर्ध्या पट्टीच्या आत असेल तर शत्रूला नुकसानीची दोन पाने, त्यापलीकडे पण पट्टीच्या आत असेल तर एक. आपले किती नुकसान झाले हे समोरच्याला सांगायचे नसते. खेळाचा खरा जीव मात्र त्या पालथ्या पानांत आहे. शत्रू आत्ता कुठे आहे याला किंमत नाही. तीन चालींनंतर तो कुठे असेल, हे ओळखता आले पाहिजे. इमेलमान वळण घेऊन उलट फिरायचे, तर त्याच्या आधी व नंतर सरळ जाणारे पान लावावेच लागते. सराईत खेळाडू त्या सरळ पानावरच नजर ठेवून असतो.

मराठवाड्यातल्या मे महिन्यात पंखा बंद करून खेळणे अशक्य, आणि पंख्याखाली पत्ते उडतात. अशा वेळी प्रत्येक पानावर चिंचोका ठेवावा. वजन पुरते, आणि पान उघडताना बोटाने सारता येतो.

पहिल्या महायुद्धाशी मराठवाड्याचा धागाही आहे. त्या काळी हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतला शेतसारा संस्थानाच्या तिजोरीत जाई. ब्रिटिशांच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनला (विमानांच्या तुकडीला) पहिली डीएच-९ए विमाने निजामाने भेट दिली, म्हणून तिला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. १९१८च्या अखेरच्या महिन्यांत या दोन आसनी विमानांनी दिवसाउजेडी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकले, आणि त्यात स्क्वाड्रनची जबर हानी झाली. इथल्या खेळाडूंनी एकआसनी लढाऊ विमानांवरच न थांबता दोन आसनी विमानाचा डाव जरूर मांडावा. त्यात बॉम्बफेक्या विमानाला पटाच्या एका कडेकडून लक्ष्यापर्यंत जाऊन परतायचे असते. वळायला ते जड असते, पण मागच्या आसनावरचा तोफची पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडू शकतो.