पडद्यावरच्या घसरगुंडीचा इतिहास

कॅरमवर पावडर जरा जास्त पडली की सोंगटी कशी पळते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ऑगस्टा या अमेरिकन गोल्फ मैदानाचे ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा पट्टा, समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. तोच कॅरम एका बाजूने विटेवर टेकवला आहे अशी फक्त कल्पना करायची. गोल्फच्या व्हिडिओ गेममध्ये पहिल्यांदा ऑगस्टा निवडणाऱ्याचा चेंडू होलला चाटून जातो आणि पुढे थांबायचे नावच घेत नाही. राग कंट्रोलरवर निघतो. खरे तर ही घसरगुंडी दोन हप्त्यांत तयार झाली आहे आणि त्या दोन हप्त्यांत जवळजवळ पन्नास वर्षांचे अंतर आहे.

आधी आला उतार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी, जुन्या रोपवाटिकेच्या चढउताराच्या जमिनीवर नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्स आणि मैदाने आखणारे अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी हे मैदान आखले. मॅकेंझी मूळचे डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून गेले असताना बोअर सैनिक जमिनीच्या आडोशाने कसे दडतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. पुढे त्यांनी मैदाने आखली ती त्याच नजरेने. डोळ्याला सपाट दिसणारी जागा प्रत्यक्षात कलती असायची. पुढे ‘मास्टर्स’ म्हणून गाजलेली स्पर्धा 1934 साली तिथे पहिल्यांदा झाली, पण तोवर मॅकेंझी या जगात नव्हते.

मात्र हे उतार आखले तेव्हा गवत संथ होते. संथ म्हणजे किती, हे मोजायची कल्पना एडवर्ड स्टिम्पसन यांना 1935 साली सुचली. पेनसिल्व्हेनियातल्या ओकमाँट मैदानावर गोल्फची यूएस ओपन स्पर्धा पाहताना एका नामवंत खेळाडूचा हलका फटका ग्रीन सोडून थेट बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेलेला त्यांनी पाहिला. त्यांनी लाकडाची एक खाचेची पट्टी केली. तिच्यावरून ठरावीक उंचीने चेंडू सोडायचा आणि तो किती फूट घरंगळतो ते मोजायचे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ती पट्टी अ‍ॅल्युमिनियमची करून 1978 च्या सुमारास मैदानांना दिली, तेव्हा साध्या खेळासाठी साडेसहा फूट हा मध्यम वेग आणि साडेआठ म्हणजे वेगवान धरला जाई. आज मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा ऐकून कुणी चकित होत नाही. ऑगस्टाने 1981 च्या स्पर्धेसाठी ग्रीनवर बारीक पात्याचे बेंटग्रास आणले आणि दुसरा हप्ता, म्हणजे वेगाचा, पुरा झाला.

इथे थोडा हिशोब केला तर गंमत कळते. साडेसहाच्या ग्रीनवर शंभर फुटांत दहा फूट उतार असला तरी चेंडू कुठेतरी थांबतो. तेराच्या ग्रीनवर शंभरात सहा-सात फूट उतार झाला की घर्षण हरते आणि सपाटी मिळेपर्यंत चेंडू जातच राहतो. माती तीच असली तरी गवत कापायच्या यंत्राने मैदानाचा स्वभाव बदलला.

व्हिडिओ गेमपुढचा पेच याहून वेगळा होता: न दिसणारा उतार दाखवायचा कसा? निन्तेन्दोच्या 1984 च्या ‘गोल्फ’मध्ये (त्याचे प्रोग्रॅमिंग सातोरू इवाता यांचे) ग्रीनवर नुसते बाण होते. 1989 साली जपानच्या टी अँड ई सॉफ्टने घरगुती संगणकावर त्रिमितीतला ऑगस्टा उभा केला. त्या खेळाच्या नावाचा अर्थच ‘दूरदूरचा ऑगस्टा’. पाठोपाठ 1990 च्या ‘पीजीए टूर गोल्फ’मध्ये ग्रीनवर रेषांची जाळी आली. पुढे काही खेळांत त्या रेषांवरून ठिपके सरकू लागले; ठिपका जितका जोरात पळेल तितका उतार जास्त. म्हणजे मॅकेंझींनी मेहनतीने लपवलेले सगळे उघडे! माझ्या मते पडद्यावरचे ग्रीन इतके वेगवान ठेवण्याचे खरे कारण हेच आहे. नजरेची परीक्षा उरली नाही, म्हणून हाताची परीक्षा कडक झाली.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या टायगर वूड्स मालिकेत ऑगस्टा 2011 साली अधिकृतपणे आला, तोही लेझरने मैदान मोजून. टीव्हीवर वर्षानुवर्षे मास्टर्स पाहणाऱ्यांना तेव्हा कुठे त्या जमिनीची उंचसखल ठेवण ध्यानात आली, कारण कॅमेरा टेकडीलाही सपाट करून टाकतो. ऑगस्टाचा क्लब मात्र आपल्या ग्रीनचा वेग आजही जाहीर करत नाही. गेममध्ये दिसणारा आकडा गेम बनवणाऱ्यांचा.

खऱ्या गोल्फमध्ये वारे उलट्या दिशेने वाहिले. व्यावसायिक खेळाडू ग्रीनच्या उतारांचे तपशीलवार नकाशे खिशात ठेवू लागले, तसे नियामकांनी आधी नकाशांच्या प्रमाणावर (स्केलवर) मर्यादा घातली. 2022 पासून पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेत असे नकाशे जवळपास हद्दपार झाले. ऑगस्टाने तर ते कधीच चालू दिले नव्हते. घरच्या सोफ्यावर जी जाळी एका बटणात मिळते, ती व्यावसायिकाने मैदानावर वापरली तर दंड!

जानेवारी 2025 मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या टीजीएल स्पर्धेत या दोन्ही वाटा एकत्र आल्या. लांबचे फटके भल्यामोठ्या पडद्यावर मारायचे आणि शेवटचे पटिंग, म्हणजे होलकडे चेंडू घरंगळवणे, मात्र समोरच्या कृत्रिम ग्रीनवर. ते ग्रीन फिरत्या तबकडीवर बसवलेले आहे. खाली शेकडो यांत्रिक दांडे आहेत. एक होल संपला की ते वरखाली होतात आणि पुढच्या होलचा उतार जागच्या जागी तयार होतो.