खारफुटी विष ‘पचवते’? छे!

गोव्यातल्या चोडण बेटाच्या फेरीत हमखास ऐकू येतं: ‘खाणींची घाण असेना का, खारफुटी सगळं गाळून पाणी शुद्ध करते.’ हे अर्धंच खरं आहे.

लोह, मँगनीज, शिसं ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, मरत नाहीत. खारफुटी ती फक्त अडवते. गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांतून खनिजाचे बार्ज (मालवाहू होड्या) वर्षानुवर्षं गेले, पावसात खाणींची लाल माती वाहून आली, आणि मुळांच्या जाळ्यात गाळ बसला. ओहोटीला तो चिखल काठीने उकरून पाहा: वर तांबूस-करडा, बोटभर खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. तो वास गंधकापासून बनलेल्या वायूचा, हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू नसलेल्या त्या थरात गंधक बऱ्याच धातूंना धरून ठेवतं. झाडंही बराचसा भाग मुळांतच अडवतात, पानांपर्यंत थोडाच जातो.

म्हणजे ही गाळणी नव्हे, तिजोरी. तीही कच्च्या कुलपाची! झाडं तोडली, गाळ उपसला की काळ्या थराला हवा लागते आणि धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. शिवाय तिसऱ्या, खुबे हे खाण्याचे शिंपले त्याच गाळात राहतात. त्यांच्या अंगात साठलेला धातू कितीही उकळलं तरी नाहीसा होत नाही.