गिरणी कामगाराची भाकरी: पार्श्वभूमी

शेतावरच्या माणसाचं खाणं कामाच्या ओघात ठरायचं. न्याहारीला बांधावर भाकरी, ठेचा, कांदा. उन्हं चढली की पुन्हा भाकरी आणि कालवण. मधे आंबिलीचा गडू. मुंबईत गिरणीच्या भोंग्याने ही घडी मोडली. शहरातली पहिली कापसाची गिरणी ताडदेवला निघाली, तिची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. सुरुवातीच्या काही दशकांत जेवणासाठी हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या वतीने मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीबरोबर दुपारचा अर्धा तासही होता. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने तो मिळाला.

अर्ध्या तासात घरी जाऊन यायचं म्हणजे घर जवळ हवं आणि घरात कोणीतरी रांधणारं हवं. बहुतेकांचं कुटुंब कोकणात नाहीतर घाटावर. म्हणून परळ, लालबाग, वरळीच्या चाळींमध्ये बायकांनी दहा बाय दहाच्या खोलीत खाणावळी चालवल्या. महिन्याचा हिशेब, पगार झाला की पैसे. कोकणच्या गड्यांना भात-कालवण, घाटावरच्यांना भाकरी.

या बायकांच्या कष्टाची नोंद फार कमी घेतली गेली, म्हणून साधा हिशेब करू. वीस गडी, दोन वेळ, प्रत्येकी तीन भाकऱ्या धरल्या तर दिवसाला १२० होतात. एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ म्हणजे जवळपास ११ किलो. एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं लागली तरी नुसत्या भाकऱ्यांचे सहा तास, आणि चूल बहुधा त्याच खोलीत.

भाकरीत घाई चालत नाही, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पिठात कडकडीत पाणी घातलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. गार पाण्यात मळलं तर थापताना कडा फाटतात. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. मग आधणाचं पाणीही फारसं वाचवत नाही. म्हणून पंधरा दिवसांपुरतंच दळण आणायचं. सगळं पीठ एकदम मळून ठेवत नाहीत, एकेका भाकरीपुरतं परातीत तळहाताने रगडून मळतात. थापलेली भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते; तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायचं. उशीर झाला की तडे जातात, मग निखाऱ्यावर ती फुगत नाही.

डब्यात भाकरी बांधायची ती वाफ निवल्यावर, फडक्यात. गरम कोंडली की घाम सुटून चिकट होते. सोबत पातळ पिठल्यापेक्षा कोरडा झुणका बरा. ओल्या नारळाची भाजी मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत आंबू शकते, म्हणून सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट. (मिरची आणि शेंगदाणा दोन्ही मूळचे अमेरिकेतले, ते इकडे येण्याआधी तिखटाची भिस्त मिरीवर होती. आजचा ठेचा तेवढा जुना नाही.) ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, ती उणीव हरभरा आणि तूर भरून काढतात; जोडीला तेल असलं की भूक लांबते.

खाणावळीची खरी अडचण भांडवलाची होती. गडी पैसे महिन्याने देणार, किराणा मात्र रोज लागणार. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांतच कमाई जायची. संपात जेवणाऱ्यांचा पगार थांबे, पण ताट थांबवणं या बायकांना जमत नसे. अशा अनुभवांतून १९७५ साली कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दागिने किंवा घर तारण नव्हतं; गटातल्या बायका एकमेकींची हमी घेत.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप लांबत गेला तसे गडी गावी परतले. कित्येकींची उधारी बुडाली, खोल्यांतली ताटं कमी झाली. अन्नपूर्णेच्या बायका पुढे डबे आणि केटरिंगच्या कामाकडे वळल्या.