मगर दिसली म्हणजे विश्वामित्री बरी आहे का?

वडोदऱ्यात काळ्या घोड्याजवळच्या पुलावर संध्याकाळी कठड्याला टेकून माणसं विश्वामित्री नदीत मगर शोधत असतात. रावपुरा, दांडिया बाजारातली आपली मराठी मंडळी तर घरी आलेल्या पाहुण्यांनाही तिथे घेऊन जातात. मगर दिसली की कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे नदी अजून जिवंत आहे!" तसं मानून आपण निश्चिंत होतो, हे नदीला महागात पडतं.

मगर फुफ्फुसांनी श्वास घेते. नाकपुड्या पाण्याबाहेर काढल्या की तिचं भागतं. मासा मात्र पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. 30 अंश सेल्सियसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. मासे आणि इतर जलचरांसाठी तो किमान 4 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. नदीत सांडपाणी मिसळलं की त्यातली घाण खाणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि हा साठा संपवतात. रात्री पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, त्यामुळे सर्वांत बिकट वेळ पहाटेची. तेव्हा मासे वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडाची उघडझाप करताना दिसतात. नाजूक जाती आधी जातात. हवेतूनही श्वास घेऊ शकणारा मांगूर तग धरतो, आणि मगरीचं त्याच्यावर भागतं.

पावागडावरून निघालेली ही नदी पुढे ढाढरला मिळते आणि तिचं पाणी खंभातच्या आखातात जातं. शहराची घाण शहरापाशी थांबत नाही.

मगरीला सर्वांत जास्त गरज आहे ती मातीच्या काठाची. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी उतारावर खड्डा खणून साधारण 25-30 अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. नर की मादी, हे घरट्यातल्या उबेवर ठरतं: साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून थंड किंवा गरम असेल तर माद्या. काँक्रीटच्या भिंतीत खड्डा कसा खणणार?

हाच मातीचा काठ, त्याला लागून असलेली कोतरं (घळी) आणि तळी पुराचं पाणी सामावून घेतात. ती भराव घालून बुजवली की पाणी घरात शिरणारच. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा मगरी वस्त्यांत आल्या. लोक घाबरले ते साहजिकच, पण मगरींनी आपली जागा सोडली नव्हती. त्यांच्या जागेवर आपण बांधकाम केलं होतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिलं आहे. तरी नदीपात्राच्या पावसाळ्याआधीच्या खोदकामाची यंत्रं नेमकी अंडी उबण्याच्या दिवसांतच काठावर उतरतात. खोदण्याआधी घरटी शोधून त्या पट्ट्याला हात लावू नये, आणि पाण्यातल्या प्राणवायूचे आकडे पुलावरच फलकावर लिहावेत, इतकं तरी आपण मागू या.