इंग्रजीतील शब्दांच्या जाती

वाक्यात शब्द कोणते काम करतो त्यावरून इंग्रजी व्याकरणात शब्दांचे जे वर्ग पाडतात, त्यांना शब्दांच्या जाती किंवा 'पार्ट्स ऑफ स्पीच' म्हणतात. शालेय व्याकरण त्या आठ मानते. नाउन म्हणजे नाम, प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, प्रिपोझिशन म्हणजे शब्दयोगी अव्यय, कन्जंक्शन म्हणजे उभयान्वयी अव्यय आणि इंटरजेक्शन म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. त्यामुळे डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत, घरी आगरी, कोळी, संगमेश्वरी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलांना ही आठ नावे माध्यमिक शाळेत पाठ झालेली असतात. अडते ते वाक्य करताना. म्हणून या नोंदीत मराठी बोलणाऱ्याचा पाय नेमका जिथे अडखळतो त्या जागांना जास्त जागा दिली आहे, आणि उदाहरणे किनाऱ्यावरच्या रोजच्या व्यवहारातली घेतली आहेत.

आठ हा आकडा इंग्रजीने स्वतः ठरवलेला नाही. डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रंथात आठ जाती आहेत. त्यांत उपपद (आर्टिकल, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखे शब्द) आणि धातुसाधित (क्रियापदापासून झालेले, विशेषणासारखे चालणारे रूप) यांना वेगळे स्थान आहे, विशेषणाला मात्र नाही, कारण ते नामातच धरले होते. लॅटिनमध्ये उपपदे नाहीत, म्हणून रोमन वैयाकरणांनी ती जात गाळली आणि केवलप्रयोगी अव्यय वेगळे काढून आठ हा आकडा कायम ठेवला. इंग्रजी व्याकरणे लॅटिनच्या नमुन्यावर लिहिली गेली. अठराव्या शतकात विशेषण स्वतंत्र झाले आणि धातुसाधित क्रियापदात गेले. १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे यांच्या व्याकरणात उपपद धरून नऊ जाती आहेत.

आपल्याकडे यास्क या प्राचीन संस्कृत शब्दशास्त्रज्ञाने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (अव्यये) असे चारच वर्ग सांगितले होते. मराठीचे आजचे आठ वर्ग रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून लिहिणाऱ्यांमुळे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले. त्याआधी चारच वर्षे, ६ जानेवारी १८३२ रोजी, पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जात होता. पुढे मालगुंडच्या दामले घराण्यातील मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये मराठीचे विस्तृत शास्त्रीय व्याकरण लिहिले. मराठी व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीची चौकट ओळखीची वाटते ती या इतिहासामुळे. ही मोठी सोय आहे आणि शिक्षकांनी ती वापरावी. फक्त चौकट सारखी असली तरी दोन्ही भाषा चालतात वेगळ्या रीतीने, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

काम आणि जागा : मराठीत शब्दाचे रूप बोलते. 'मांजरीने बांगडा खाल्ला' आणि 'बांगडा मांजरीने खाल्ला' या दोन्ही वाक्यांत खाणारी मांजरच, कारण 'ने' तिला चिकटलेला आहे. इंग्रजीत 'द कॅट एट द मॅकरेल' हे वाक्य उलटे केले की बांगड्याने मांजर खाल्ली असा अर्थ होतो. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते शतकानुशतके झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दाच्या जागेवर येऊन पडले. त्यामुळे सुटा शब्द दाखवून 'याची जात सांग' असे विचारणे इंग्रजीत बहुतेक वेळा चुकीचे ठरते.

'फास्ट' हा शब्द घ्या. 'इट इज अ फास्ट बोट' यात तो बोटीचा गुण सांगतो, म्हणून विशेषण. 'द बोट गोज फास्ट' यात तो जाण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. 'माय मदर फास्ट्स ऑन संकष्टी' यात तो उपवास करण्याची क्रिया झाला. 'शी ब्रेक्स हर फास्ट आफ्टर मूनराइज' यात तोच उपवास या अर्थाचे नाम आहे. अक्षरे तीच, जाती चार. 'सॉल्ट' म्हणजे मीठ हे सगळ्यांना ठाऊक असते, पण 'वी सॉल्ट द मॅकरेल' म्हणजे आम्ही बांगडा खारवतो. 'आइस' म्हणजे बर्फ, आणि 'दे आइस द फिश' म्हणजे ते मासळीवर बर्फ घालतात. मराठीला इथे 'घालणे', 'लावणे' असे क्रियापद जोडावे लागते किंवा 'खारवणे' असा वेगळा शब्द लागतो. इंग्रजी तेच नाम उचलून क्रियापदाच्या जागी ठेवते. ही एक गोष्ट पक्की समजली तर पुढची निम्मी वाट सोपी होते.

नाम : व्यक्ती, स्थळ, वस्तू, प्राणी किंवा कल्पना यांचे नाव. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्याने विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे लिहायची सवय मुद्दाम लावावी लागते, आणि ती वार व महिने यांनाही लागू आहे. त्याहून अवघड भाग मोजण्याचा. 'कोकोनट' मोजता येतो, म्हणून 'टेन कोकोनट्स'. 'राइस' मोजत नाहीत, म्हणून 'टू राइसेस' होत नाही. 'टू किलोज ऑफ राइस' होते. 'फर्निचर', 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस' हीही न मोजण्याची नामे आहेत, मराठीत 'दोन सल्ले' म्हणत असलो तरी. 'फिश'चे अनेकवचन सहसा 'फिश'च राहते. निरनिराळ्या जातींचे मासे म्हणायचे असतील तेव्हा 'फिशेस' लिहितात.

सर्वनाम : मराठीत होडी ती, मचवा तो आणि जहाज ते. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंग नाही, तिन्हींना 'इट'. दर्यावर्दी लोक जहाजाला 'शी' म्हणत आले आहेत, पण नवशिक्याने 'इट'च वापरावे. तू, तुम्ही आणि आदरार्थी आपण या तिघांना मिळून इंग्रजीत एकच 'यू' आहे, आणि समोर एकटी व्यक्ती असली तरी त्यापुढे 'आर' येते. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरकही 'वी'मध्ये बुडतो. ऐकणारा धरून की सोडून, हे संदर्भावरूनच कळते.

क्रियापद : मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते, तो जातो आणि ती जाते. इंग्रजीत दोघांनाही 'गोज'. तिथे साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला 'एस' लागतो तेवढाच बदल, आणि नेमका तोच राहून जातो. 'ही सेल फिश' हे वाक्य गिऱ्हाइकाला कळते, पण ते 'ही सेल्स फिश' असायला हवे. प्रश्न विचारताना मराठीत शेवटी 'का' पुरतो. इंग्रजीत 'डू' किंवा 'डज' पुढे यावे लागते आणि मग 'एस' क्रियापदावरून 'डज'वर जातो : 'डज ही सेल फिश?'

मूळ फरक आणखी एका ठिकाणी आहे. 'मला भूक लागली' या वाक्यात भूक हे नाम कर्ता आहे आणि माणूस 'मला' या रूपात बाजूला उभा आहे. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भूक विशेषणात जाते : 'आय ॲम हंग्री'. 'मला थंडी वाजते' याचे 'आय ॲम कोल्ड' होते. 'मला दोन भाऊ आहेत' याचे 'आय हॅव टू ब्रदर्स' होते. अशा वाक्यांत शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होऊच शकत नाही, कारण वाक्यातली कामेच नव्याने वाटली जातात. वर्गात यावर एक अख्खा आठवडा घालवला तरी तो वाया जाणार नाही.

विशेषण आणि क्रियाविशेषण : 'चांगला आंबा, चांगली फणी, चांगले केळे' यांत विशेषण वळते, इंग्रजी 'गुड' तिन्हीकडे तसेच राहते. 'आंब्याचा हंगाम' म्हणताना मराठीला 'चा' लागतो, इंग्रजी नुसते नामच पुढे ठेवते : 'मँगो सीझन', 'फिश मार्केट', 'कोकोनट ट्री'. पुढे आलेले नाम सहसा एकवचनी राहते, म्हणून 'मँगोज सीझन' नाही. याला कोणी विशेषणासारखे वापरलेले नाम म्हणतात, कोणी सरळ विशेषण म्हणतात. पहिले म्हणणे अधिक नेमके आहे.

क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ली' असते ही खूण अर्धीच खरी आहे. 'फ्रेंडली' आणि 'लोन्ली' ही विशेषणे आहेत, तर 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो. वास आणि चव सांगणाऱ्या क्रियापदांनंतर विशेषण येते. मासळी शिळी झाली तर 'द फिश स्मेल्स बॅड', 'बॅडली' नाही, कारण 'बॅड' हा मासळीचा गुण आहे, वास घेण्याची रीत नव्हे.

शब्दयोगी अव्यय : मराठीत ते नामामागून येते आणि त्याला चिकटते, इंग्रजीत नामाच्या आधी येते आणि सुटे राहते. 'होडीखाली' हा एक शब्द, 'अंडर द बोट' हे तीन. जागेचा हा फरक लवकर अंगवळणी पडतो. खरी अडचण अशी की मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीत अनेक शब्दांत फुटतो. 'बसने आलो' म्हणजे 'बाय बस', पण 'विळीने मासा कापला' म्हणजे 'विथ' असे येणार. 'मालवणला जातो' म्हणजे 'टू मालवण', 'मालवणला राहतो' म्हणजे 'इन मालवण', आणि 'त्याला भेटलो' यात तर काहीच लागत नाही : 'आय मेट हिम'. 'त्याच्याशी लग्न केले' यातला 'शी' पाहून 'मॅरीड विथ हिम' लिहिले जाते. तेही नुसते 'मॅरीड हिम' आहे.

'ॲट', 'ऑन' आणि 'इन' यांची विभागणी ढोबळमानाने अशी : नेमक्या बिंदूला 'ॲट', पृष्ठभागाला 'ऑन', आतल्या जागेला 'इन'. म्हणून 'ॲट द जेटी', 'ऑन द बीच', 'इन द क्रीक'. वेळेचेही याच धर्तीवर चालते : 'ॲट फाइव्ह', 'ऑन मंडे', 'इन जून'. मराठीत हेच पाच वाजता, सोमवारी, जूनमध्ये असे तीन तऱ्हांनी येते. घरगुती मुक्कामाची सोय करणाऱ्यांना पर्यटकांशी फोनवर बोलताना पत्ता आणि वेळ सांगावीच लागते. त्यांना सर्वांत आधी उपयोगी पडणारी जात हीच. एक खूणगाठ : यानंतर नाम किंवा सर्वनाम येते. 'इन द बोट' यात 'इन'पुढे नाम आहे; 'कम इन' यात पुढे काहीच नाही, म्हणून पारंपरिक व्याकरणानुसार तिथला 'इन' क्रियाविशेषण आहे.

उभयान्वयी अव्यय : 'अँड', 'बट', 'ऑर' सोपे आहेत. मराठीतल्या जोड्या मात्र इंग्रजीत नेऊ नयेत. 'जरी पाऊस होता तरी होडी गेली' यातल्या 'जरी'साठी 'ऑल्दो' आले की 'तरी'साठी 'बट' येत नाही : 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, द बोट वेंट आउट'. 'बिकॉज' असले की 'सो' नको, तेही याच कारणाने.

केवलप्रयोगी अव्ययाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. 'ओह', 'अलास', 'वाव' हे शब्द वाक्याच्या रचनेबाहेर राहतात, आपल्या 'अरेरे' आणि 'बापरे'सारखेच.

उपपदे आणि नवी मांडणी : 'अ', 'ॲन' आणि 'द' यांना मराठीत थेट प्रतिशब्द नाही. आठ जातींच्या यादीत ती विशेषणांत ढकलली जातात. आधुनिक व्याकरण 'द', 'धिस', 'माय', 'सम' यांचा 'डिटरमायनर' नावाचा स्वतंत्र वर्ग करते आणि शिकवायला ती मांडणी अधिक सोयीची आहे. 'ॲन' लावायचे की नाही हे अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते : 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. समुद्राच्या नावाला 'द' लागतो, 'द अरेबियन सी'. गावाच्या नावाला लागत नाही. प्रदेश म्हणून 'द कोकण' असे इंग्रजी लेखनात आढळते, नुसते 'कोकण' असेही आढळते.

वाक्याची फोड : 'द ओल्ड फिशरमन क्विकली फोल्डेड हिज नेट अँड वेंट बॅक टू हर्णै.' सुरुवात क्रियापदापासून करावी. काय घडले? 'फोल्डेड' आणि 'वेंट'. कोणी? 'फिशरमन', हे नाम. कसला? 'ओल्ड', विशेषण. कसे गुंडाळले? 'क्विकली', क्रियाविशेषण. काय गुंडाळले? 'नेट', नाम. दोन क्रिया जोडणारे 'अँड' उभयान्वयी. 'हर्णै' विशेषनाम, आणि त्याच्याशी नाते सांगणारा 'टू' शब्दयोगी. उरले 'द', 'हिज' आणि 'बॅक'. 'द' उपपद. 'बॅक' इथे क्रियाविशेषण आहे, कारण तो जाण्याची दिशा सांगतो. 'द बॅक ऑफ द बोट' म्हटले असते तर नाम ठरला असता. 'हिज'ला जुनी पुस्तके सर्वनाम किंवा स्वामित्वदर्शक विशेषण म्हणतात, नवी पुस्तके डिटरमायनर म्हणतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातले नाव लिहावे; 'हिज' नामाच्या आधी बसतो आणि जाळे कोणाचे ते सांगतो, याबद्दल दोन्ही पुस्तकांत मतभेद नाही.