इलेक्ट्रॉनिक्स आयटीआय की डिप्लोमा? फरक लाइनवर कळतो

आयटीआयचा ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ ट्रेड आणि पॉलिटेक्निकचा ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन’ डिप्लोमा. दोन्हीला दहावीनंतर प्रवेश मिळतो, त्यामुळे घरोघरी गल्लत होते. पहिला 2 वर्षांचा, बराचसा वेळ वर्कशॉपमध्ये जाणारा. दुसरा 3 वर्षांचा, सहा सेमिस्टरचा. महाराष्ट्रात त्याची परीक्षा राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ, एमएसबीटीई, घेतं.

कारखान्यात मात्र हा प्रश्न वर्षांचा राहत नाही. एसएमटी लाइनवर, म्हणजे सर्किट बोर्डवर बारीक भाग बसवणाऱ्या यंत्रांच्या रांगेत, सोल्डर वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनमधून बोर्ड बाहेर आला आणि तांदळाच्या कणीहून लहान रेझिस्टर एका टोकावर उभा दिसला, तर त्याला टूमस्टोन म्हणतात. आयटीआयचा मुलगा बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेतो, फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावतो, हॉट ट्वीझरने रेझिस्टर उचलतो, पॅड (बोर्डवरची तांब्याची टिकली) साफ करून तो पुन्हा बसवतो. जास्त वेळ उष्णता दिली की पॅडच उखडतो; तो उखडू न देणं हे हाताचं काम, आणि ते सरावानेच येतं.

डिप्लोमावाल्याकडून अपेक्षा वेगळी: पुढचे शंभर बोर्ड असे येऊ नयेत. एका पॅडवरची सोल्डर पेस्ट (सोल्डरची भुकटी आणि फ्लक्स यांचं मिश्रण) आधी वितळली की तिचा पृष्ठताण रेझिस्टरला आपल्याकडे ओढून उभा करतो. मग स्टेन्सिलचं (ज्यातून पेस्ट लावतात त्या छिद्रांच्या पत्र्याचं) एक छिद्र बुजलंय का, भाग तिरका ठेवला गेलाय का, एका पॅडला तांब्याचा मोठा पट्टा जोडल्याने तो उशिरा तापतोय का, हे तपासायचं. बिनशिशाची एसएसी305 पेस्ट 217 अंशांना वितळू लागते. त्याच्या अलीकडे तापमान सावकाश चढवलं तर दोन्ही पॅड जवळपास एकदम वितळतात.

एक चूक दोघांकडूनही होते. फ्रिजमधला पेस्टचा डबा घाईत उघडतात. तो बंदच ठेवून साधारण 4 तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायला हवा, नाहीतर पेस्टवर दव धरतं आणि ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात.

म्हणून प्रवेशाआधी लॅब बघाच. स्थिर विजेपासून भाग वाचवणारी ईएसडी मॅट, मनगटपट्टा, हॉट एअर स्टेशन रोज वापरात आहेत की कपाटात, ते विचारा. अप्रेंटिसशिपमध्ये आयटीआयवाला ट्रेड अप्रेंटिस, तर डिप्लोमावाला टेक्निशियन अप्रेंटिस होतो. हात चांगला चालत असेल आणि घरी लवकर पगार हवा असेल, तर आधी आयटीआय करणं आमच्या मते शहाणपणाचं. 2 वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.