बालकवितेतला न उच्चारलेला ‘अ’

मूल दुसरीत गेले की काही पालक शिक्षकांना सांगू लागतात, ‘गाणी पुष्कळ झाली, आता वाचायला शिकवा.’ बालकवितांचा संग्रह वर्गात उघडणे हा विरंगुळा आणि धडा वाचणे हा अभ्यास, अशी विभागणी या म्हणण्यामागे असते. शाळेच्या पेटीतले कवितासंग्रह मग स्नेहसंमेलनाच्या तयारीपुरते बाहेर निघतात. मराठी लिपी आणि मराठी उच्चार यांचे नाते नीट पाहिले, तर ही विभागणी टिकत नाही.

बाराखडी मुलाला शिकवते की ‘क’मध्ये ‘अ’ आहे, ‘म’मध्ये ‘अ’ आहे. बोलताना मात्र हा ‘अ’ अनेक ठिकाणी गळतो. ‘कमळ’ हा शब्द आपण ‘क-मळ्’ असा उच्चारतो, तर ‘कमळा’ म्हणताना ‘कम्-ळा’ असे तुकडे पडतात. पहिल्या शब्दात ‘म’चा ‘अ’ ऐकू येतो आणि दुसऱ्यात तोच नाहीसा होतो. कागदावर या बदलाची कोणतीही खूण नसते. प्रौढ वाचकाला याची जाणीवही होत नाही, पण नवशिके मूल प्रत्येक अक्षराला पूर्ण ‘अ’ देत ‘क-म-ळा’ असे वाचते आणि आपणच वाचलेला शब्द त्याला ओळखू येत नाही. अक्षरे सगळी येत असूनही वाचन अडते, ते पुष्कळदा इथे.

साताऱ्याजवळच्या सज्जनगडावरच्या पुढील दोन ओळी या लेखासाठीच रचल्या आहेत:

सज्जनगड हा ढगात लपला,
कृष्णाकाठी बगळा टपला.

ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाची दोन आणि जोडाक्षराच्या आधी आघात येणाऱ्या ऱ्हस्वाचीही दोन, हा नियम शाळेत शिकवला जातो. त्यानुसार ‘सज्जनगड हा’ यात २, १, १, १, १, २ अशा ८ मात्रा होतात, ‘ढगात लपला’ यातही ८, आणि दुसरी ओळही ८ अधिक ८ अशीच भरते. आता हाच तुकडा लिहिल्याप्रमाणे न मोजता बोलल्याप्रमाणे मोजून पाहावा. उच्चारात ‘सज्-जन्-गड्-हा’ असे चारच तुकडे उरतात, परंतु ‘न’ आणि ‘ड’ यांचा ‘अ’ गळताच त्यांची व्यंजने आधीच्या अक्षराला चिकटून त्याला जड करतात, आणि प्रत्येक तुकडा दोन मात्रांचा होतो. चार दुणे आठ. ‘ढगात लपला’ याचे ‘ढ-गात्-लप्-ला’ होते. त्यात ‘गात्’ एकटाच तीन मात्रा घेतो आणि १, ३, २, २ मिळून पुन्हा ८ भरतात. स्वर गेला, तरी त्याने व्यापलेला वेळ शेजाऱ्याच्या खात्यावर जमा झाला. लिपी आणि जीभ यांचा हिशेब ज्या ठिकाणी इतका चोख जुळतो, असे ठिकाण माझ्या मते मात्रावृत्ताइतके दुसरे नाही.

अशी ओळ वर्गात टाळ्या वाजवत म्हटली, तर टाळी ठरावीक अंतराने पडत असल्यामुळे ऐकणारा पुढच्या टाळीची वाट आधीच पाहू लागतो. अशा वेळी प्रत्येक अक्षर तोडून वाचणारे मूल टाळीच्या मागे पडते, आणि कुठला ‘अ’ सोडला की आपण टाळीवर येतो हे त्याचे त्यालाच सापडते. गद्य धड्यात अशी टाळी नसते.

यमकाचे काम निराळे आहे. ‘लपला’ ऐकलेल्या वर्गापुढे दुसरी ओळ ‘बगळा’पर्यंत वाचून थांबले, तर अर्थ काही शब्द सुचवतो आणि यमक काही. ‘जपला’, ‘खपला’ हे शब्द यमकात बसूनही बगळ्याला लागू पडत नाहीत, आणि ‘उडाला’ अर्थात बसूनही यमकात बसत नाही. दोन्ही चाळण्यांतून ‘टपला’ खाली येतो. ‘लपला’ आणि ‘टपला’ यांत बदलला तो पहिला ध्वनी, हेही मुलाच्या कानाला त्याच वेळी कळते. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांची ध्वनी ओळखण्याची चाचणी होती. ज्यांना विजोड ध्वनीचा शब्द चांगला निवडता येत होता, ती मुले पुढे वाचनातही सरस ठरली. चाचणीत मागे पडलेल्या ६५ मुलांना दोन वर्षे शिकवण दिली, तेव्हा ध्वनींबरोबर प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळणाऱ्या गटाची प्रगती सर्वाधिक झाली. इंग्रजीचे स्पेलिंग आणि आपली देवनागरी यांत अंतर आहे, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. तरीही कविता नुसती गाऊन न घेता छापील ओळ मुलाच्या डोळ्यांपुढे असावी, एवढे त्यातून घेता येते.

यापलीकडे कवितेमुळे ‘मेंदूचा उजवा भाग जागा होतो’ वगैरे जाहिरातींना काही आधार नाही. ‘मिडब्रेन’ म्हणजे मधला मेंदू जागा करतो असे सांगत मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन करून दाखवणाऱ्या वर्गांची हातचलाखी नाकाजवळच्या फटीत असते. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात तरी पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी पुरावा मागावा.

एक आक्षेप मात्र खरा आहे: मूल पाठ झालेली कविता म्हणते आणि आपण त्याला वाचन समजतो. ओळीवरून फिरणारे बोट तोंडाच्या पुढे-मागे जाऊ लागले की हे उघड होते. फळ्यावर ‘कृष्णाकाठी’ पुसून साताऱ्याजवळच्याच दुसऱ्या नदीचे नाव घेत ‘वेण्णाकाठी’ लिहावे. मात्रा ८च राहतात, ताल तसाच चालतो, आणि पाठांतर करणारे मूल ‘कृष्णा’च म्हणते, तर वाचणारे ‘वेण्णा’वर येते. सांगलीच्या बाजूला हाच प्रयोग ‘वारणाकाठी’ लिहून केला तर मात्र एक मात्रा जास्त होते, आणि तिथे अडखळणारे मूल वाचनात कच्चे असेलच असे नाही. ते ताल बरोबर ऐकत असेल.